दुसऱ्याचा प्रोग्राम, आपलं मशीन: सिस्टीम कॉल यूजर स्पेसमध्ये अडवून नियम पाळायला लावता येतात का?

कोरी_पाटी

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण गेले तीन आठवडे मी यातच अडकले आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

मी एका शिक्षणसंस्थेसाठी प्रोग्रामिंगची उत्तरं आपोआप तपासणारी यंत्रणा सांभाळते. विद्यार्थी कोड पाठवतात, आमचा लिनक्स सर्व्हर तो कंपाइल करून चालवतो आणि आलेलं आउटपुट अपेक्षित उत्तराशी ताडून पाहतो. थोडक्यात, रोज शेकडो अनोळखी प्रोग्राम आमच्या मशीनवर चालतात. नियम तीनच: स्वतःच्या 'काम' डिरेक्टरीबाहेरची फाइल उघडायची नाही, नेटवर्कला हात लावायचा नाही, दुसरा प्रोग्राम सुरू करायचा नाही.

हे नियम लावायला मी एक छोटी शेअर्ड लायब्ररी लिहिली आणि एलडी_प्रीलोडने प्रत्येक प्रोग्रामच्या आधी लोड केली. तिच्यात फाइल उघडणारी ओपन आणि ओपनॅट, नेटवर्क जोडणारं कनेक्ट, दुसरा प्रोग्राम सुरू करणारं एग्झेकव्हीई ही फंक्शनं माझी. पाथ तपासायचा, चालत असेल तर मूळ फंक्शनला पुढे पाठवायचं, नसेल तर 'परवानगी नाही' असा एरर परत करायचा. पहिल्याच दिवशी कळलं की एफओपन यातून सुटतं, कारण ग्लिबसी या सी भाषेच्या नेहमीच्या लायब्ररीचं एफओपन आतल्या आत स्वतःच्याच खासगी ओपनला बोलावतं, माझ्यापर्यंत येतच नाही. म्हणून एफओपनही लिहिलं. मग फ्रीओपन, मग ओपनडिर. यादी वाढतच गेली, पण सी आणि पायथनचे प्रोग्राम व्यवस्थित अडत होते.

मागच्या महिन्यात गो भाषा सुरू केली आणि एका मुलाचं उत्तर संशयास्पद वाटलं. प्रश्न सातवा, मोठा आलेखाचा. त्याचा प्रोग्राम फक्त वीस ओळींचा आणि सगळ्या चाचण्या बरोबर! माझा लॉग बघितला, तर पूर्ण रिकामा. एकाही फाइलची नोंद नाही. एसट्रेस (प्रोग्रामचे सिस्टीम कॉल, म्हणजे त्याने कर्नलला केलेल्या विनंत्या, दाखवणारं साधन) लावून तोच प्रोग्राम पुन्हा चालवला, तेव्हा ओपनॅटचा कॉल स्वच्छ दिसला: '/उत्तरे/प्रश्न७'. त्याने अपेक्षित उत्तराची फाइलच वाचून छापली होती, आणि माझ्या लायब्ररीला पत्ताही नव्हता.

त्या मुलावर माझा राग नाही, दार मीच उघडं ठेवलं होतं. पण आता हे नीट करायचं आहे. कर्नल मॉड्यूल लिहिण्याची परवानगी मला नाही. यूजर स्पेसमधून, म्हणजे कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या) बाहेर राहून, सिस्टीम कॉल खात्रीने अडवता येतात का? आणि आणखी एक गरज: विद्यार्थ्याला 'तुझ्या प्रोग्रामने अमुक फाइल उघडायचा प्रयत्न केला' हे सांगता आलं पाहिजे. नुसतं 'रनटाइम एरर' बघून नवशिकी मुलं रडकुंडीला येतात.

अर्धविराम

प्रत्येक प्रोग्रामला वेगळं व्हर्च्युअल मशीन द्या, काम झालं की फेकून द्या. आत काय वाटेल ते करू दे. हे कॉल अडवण्याचे उद्योग मी दोनदा केले आहेत आणि दोन्ही वेळा सोडून दिले.

कोरी_पाटी

@अर्धविराम, त्याचा विचार केला होता. पण एका उत्तरावर तीस-चाळीस चाचण्या असतात आणि प्रत्येक चाचणी काही मिलिसेकंदांची. शिवाय कोणत्या फाइलला हात लावला ते बाहेरून कसं कळणार?

तळघर

कोरी_पाटी, लायब्ररीत चूक शोधत बसू नका. तिची जागाच चुकली आहे.

प्रोग्रामला कर्नलकडून काम हवं असतं तेव्हा तो एका रजिस्टरमध्ये कॉलचा क्रमांक ठेवतो, आणखी सहा रजिस्टरांत आर्ग्युमेंटं ठेवतो आणि 'सिस्कॉल' ही सूचना चालवतो. एक्स८६-६४ वर ती सूचना दोनच बाइटांची आहे: ०एफ ०५. बस्स. ग्लिबसीचं ओपनॅट हे या दोन बाइटांवर चढवलेलं सोयीचं आवरण आहे. आवरणातून जायचं की नाही, हे प्रोग्रामच्या मर्जीवर. गोचं रनटाइम लिनक्सवर हे दोन बाइट स्वतःच चालवतं, ग्लिबसीला विचारत नाही. स्टॅटिक लिंक केलेल्या प्रोग्रामात तर डायनॅमिक लिंकरच नसतो, मग एलडी_प्रीलोड वाचणार कोण? आणि सी लिहिणारा मुलगाही इनलाइन असेंब्लीच्या चार ओळींत हेच करू शकतो.

एलडी_प्रीलोड वाईट नाही. फेकरूट (रूटचे, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याचे, अधिकार असल्याचा आभास देणारं साधन) त्यावरच चालतं आणि उत्तम चालतं, कारण तिथला प्रोग्राम सहकार्य करणारा असतो. ज्याला फसवायचं आहे त्याच्याच घरात आपला पहारेकरी उभा केला, तर त्याला बाजूला सारायला कितीसा वेळ लागणार? दोघांची मेमरी एक, अधिकार एक.

तेव्हा पहिली कसोटी ही: कॉल कर्नलच्या उंबरठ्यावर पकडला गेला पाहिजे. निर्णय यूजर स्पेसमधल्या दुसऱ्या प्रोसेसने घेतला तरी चालेल, पण थांबवणारा कर्नलच हवा.

निळी_शाई

+१. आणि त्यासाठी पीट्रेस आहेच की. आमच्याकडे अशीच तपासणी यंत्रणा काही वर्षं पीट्रेसवर चालू आहे. पालक प्रोसेस मुलाला ट्रेस करते, प्रत्येक सिस्टीम कॉलच्या आधी कर्नल मुलाला थांबवून पालकाला उठवतो. रजिस्टरं वाचायची, पाथ वाचायचा, नको असेल तर कॉलचा क्रमांक उणे एक करून टाकायचा, म्हणजे कर्नल तो कॉल करतच नाही. गो असो, असेंब्ली असो, कोणी सुटत नाही.

हळू आहे हे मान्य. प्रत्येक कॉलला दोन थांबे, आत जाताना एक आणि बाहेर येताना एक. प्रत्येक थांब्याला पालकाकडे जाणं आणि परत येणं. एकेक बाइट वाचणारा प्रोग्राम अक्षरशः रांगतो. पण सेककॉम्पचा (कर्नलमधली सिस्टीम कॉल गाळण्याची सोय) फिल्टर लावून 'हे आठ-दहा कॉल आले तरच मला उठव' असं सांगितलं की बाकीचे कॉल पूर्ण वेगाने जातात. फिल्टरात 'ट्रेस' हे उत्तर त्यासाठीच आहे.

एक खबरदारी: 'एग्झिट-किल' हा पर्याय लावायला विसरू नका. नाहीतर पालक प्रोसेस मेली की मूल मोकळं सुटतं.

कोरी_पाटी

हे तर मला हवं तसंच दिसतंय. @निळी_शाई, पाथ कसा वाचता? एकेक शब्द पीक करून?

निळी_शाई

नाही, प्रोसेस_व्हीएम_रीडव्हीने एका फटक्यात. लिनक्स ३.२ पासून आहे ते.

तळघर

@निळी_शाई, पाथ वाचलात, पटला, 'जाऊ दे' म्हणालात. मग फाइल उघडतं कोण?

निळी_शाई

कर्नल. का?

तळघर

तीच तर मेख आहे. सावकाश सांगतो, कारण या एका गोष्टीवर आजवर कितीतरी सँडबॉक्स (अविश्वासू प्रोग्राम कोंडून चालवायच्या यंत्रणा) पडले आहेत.

समजा, 'काम/इनपुट' चालतं आणि '/उत्तरे/प्रश्न७' चालत नाही. प्रोग्राम दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारे त्याचेच दोन धागे) सुरू करतो. दोघांच्या सामायिक मेमरीत ६४ बाइटांचा एक बफर आहे आणि त्यात लिहिलंय 'काम/इनपुट'. पहिला थ्रेड ओपनॅट करतो. रजिस्टरमध्ये अक्षरं नसतात, बफरचा पत्ता असतो. कर्नल पहिल्या थ्रेडला थांबवतो, तुमच्या पालकाला उठवतो. पालक त्या पत्त्यावर जाऊन वाचतो: 'काम/इनपुट'. नियमात बसतं. पालक म्हणतो, चालू द्या.

या सगळ्या वेळात दुसरा थ्रेड थांबलेला नाही. तो दुसऱ्या कोअरवर धावतोय आणि त्याला एकच काम दिलंय: त्या बफरवर आळीपाळीने दोन्ही नावं लिहीत राहणं. पालकाने 'चालू द्या' म्हटल्यानंतर आणि कर्नलने अक्षरं स्वतः वाचण्याआधी बफरात '/उत्तरे/प्रश्न७' आलं, की कर्नल बिनदिक्कत ती फाइल उघडून देतो. तपासलं एक नाव, उघडलं दुसरंच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. तुमच्या लॉगमध्ये मात्र 'काम/इनपुट' अशीच प्रामाणिक नोंद.

हे घडायला नशीब लागत नाही, नुसता लूप लागतो. हरला तर पुन्हा प्रयत्न, शिक्षा काहीच नाही. तुमच्या पीट्रेसवाल्या यंत्रणेवर असा प्रोग्राम लिहून बघा. मी माझ्या जुन्या पीट्रेस सँडबॉक्सवर लिहिला होता, चहा गार व्हायच्या आत फाइल हातात आली.

हे नवं नाही. बर्कलीच्या मंडळींनी १९९६ मध्ये जेनस नावाचा सँडबॉक्स केला, तोही सोलारिसच्या 'प्रॉक' सोयीतून कॉल थांबवून यूजर स्पेसमध्ये निर्णय घ्यायचा. पुढे टाल गार्फिंकल यांनी २००३ मध्ये अशा साधनांचे सापळे एकत्र मांडले. त्याच सुमारास नील्स प्रोव्होस यांचं सिसट्रेस आलं, ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमने ते घेतलंही. २००७ मध्ये रॉबर्ट वॉटसन यांनी सिसट्रेससह अनेक रॅपर याच शर्यतीने फोडून दाखवले. एकच प्रोसेसर असला तरीही ते जमतं: आर्ग्युमेंट असं ठेवायचं की ते वाचताना पेज फॉल्ट होऊन (मेमरीचं पान आणावं लागून) कर्नल झोपेल, आणि त्या झोपेत बाकीचं काम उरकायचं. २०१६ मध्ये ओपनबीएसडी ६.० मधून सिसट्रेस काढून टाकलं. त्याच्या आदल्याच आवृत्तीत प्लेज (प्रोग्रामवर मर्यादा घालायची ओपनबीएसडीची सोय) स्थिरावलं होतं, आणि प्लेजमध्ये तपासणी कर्नलच्या आत, वापराच्या जागीच होते.

निळी_शाई

आत्ताच लिहून बघितलं. दुसऱ्या मिनिटाला फुटलं. हात थरथरतायत. काही वर्षं हे चालू आहे आमच्याकडे.

कोरी_पाटी

मग थ्रेडच बंद केले तर? थ्रेड बनवणारा क्लोन कॉल अडवायचा. आमच्या प्रश्नांना थ्रेडची गरजच नाही.

तळघर

जावा आणि गो थ्रेडशिवाय सुरूच होत नाहीत. बरं, फक्त सीपुरतं धरलं तरी दोन प्रोसेसमध्ये सामायिक मेमरी असू शकते. तीही बंद केलीत, तर बफर राहू द्या बाजूला, पाथच बदलता येतो: 'काम/अ' ही खरी डिरेक्टरी तपासली, आणि उघडण्याच्या क्षणी तिच्या जागी सिमलिंक (दुसऱ्याच जागेकडे नेणारी फाइल). नाव म्हणजे वस्तू नव्हे. नाव तपासून परवानगी द्यायची आणि दुसऱ्याने पुन्हा तेच नाव वाचून वस्तू आणायची, या दोन कृतींमध्ये फट राहतेच.

उपाय दोनच. ज्याने तपासलं त्यानेच वस्तू आणावी, किंवा जो आणतो त्यानेच तपासावं.

मृगजळ

पहिला उपाय मी गेली दोन वर्षं वापरते आहे, म्हणून लिहिते.

सेककॉम्पच्या फिल्टरला कॉलचा क्रमांक, आर्किटेक्चर, सूचनेचा पत्ता आणि सहा आर्ग्युमेंटं एवढंच दिसतं. पॉइंटरच्या मागे तो जाऊ शकत नाही, आणि हे मुद्दाम आहे; गेला असता तर हीच शर्यत कर्नलच्या आत आली असती. त्यामुळे आकड्यांवरचे नियम फिल्टरातच पक्के होतात. नेटवर्क हवंच नाही ना? सॉकेट कॉलचं पहिलं आर्ग्युमेंट हा साधा आकडा आहे, आयपीव्ही४ साठी २, आयपीव्ही६ साठी १०. फिल्टरातच नकार द्या, पालकाला उठवायची गरज नाही. खरं तर तुमच्या कामात सॉकेट कॉलच पूर्ण बंद करा.

प्रश्न पाथचा. त्यासाठी लिनक्स ५.० पासून सेककॉम्पमध्ये यूजर नोटिफिकेशन आहे. फिल्टरने 'नोटिफाय' असं उत्तर दिलं की कॉल करणारा थ्रेड कर्नलमध्ये झोपतो आणि सुपरवायझर प्रोसेसला एका डिस्क्रिप्टरवर (उघड्या फाइलच्या क्रमांकावर) निरोप येतो: हा आयडी, हा पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक), हा कॉल, ही आर्ग्युमेंटं. मग मी असं करते:

आधी त्या पीआयडीची प्रॉकमधली 'मेम' फाइल (प्रोसेसची मेमरी फाइलसारखी दाखवणारी) उघडायची. लगेच कर्नलला विचारायचं, हा आयडी अजून जिवंत आहे का? ही पायरी वगळू नका. मधल्या वेळात मूळ प्रोसेस मरून तोच पीआयडी दुसऱ्या कोणाला मिळाला असेल, तर तुम्ही भलत्याचीच मेमरी वाचत असाल. आयडी जिवंत असेल तर पाथ माझ्या स्वतःच्या बफरात कॉपी करायचा, एकदाच. आता तो दुसरा थ्रेड तिकडे काहीही लिहीत बसो. पाथ तपासायचा आणि फाइल मी स्वतः उघडायची, ओपनॅट२ ने, 'बिनीथ' हा पर्याय लावून. लिनक्स ५.६ पासून आहे. त्यात कर्नल वाटेतल्या प्रत्येक पायरीवर पाहतो की पाथ दिलेल्या डिरेक्टरीच्या बाहेर पडत नाही ना. बाहेर नेणारी सिमलिंक आणि दोन टिंबं दोन्ही अडतात. शेवटी ५.९ मध्ये आलेल्या 'अ‍ॅड-एफडी'ने तो उघडलेला डिस्क्रिप्टर मुलाच्या टेबलात ठेवायचा. ५.१४ पासून ठेवणं आणि उत्तर देणं एकाच कृतीत होतं, ते वापरा, म्हणजे मधेच प्रोसेस मेली तर अर्धवट काम मागे राहत नाही.

मुलाला वाटतं ओपनॅट झालं. खरं तर त्याचा ओपनॅट कर्नलने कधी केलाच नाही.

कटकट एकच: ओपनॅटचं पहिलं आर्ग्युमेंट मुलाच्या डिरेक्टरीचा डिस्क्रिप्टर असू शकतं, किंवा चालू डिरेक्टरी. सापेक्ष पाथ सुपरवायझरच्या नव्हे, मुलाच्या जागेपासून सोडवायचा असतो. माझा पहिला आठवडा यातच गेला.

निळी_शाई

ताई, हे नोटिफिकेशन मी पाहिलं होतं. त्यात 'कंटिन्यू' असाही फ्लॅग आहे ना? पाथ पटला की कंटिन्यू म्हणायचं, कर्नल मूळ कॉल पुढे नेतो. अ‍ॅड-एफडीचा खटाटोप वाचतो.

मृगजळ

आहे, ५.५ पासून. आणि तो लावलात की तुम्ही परत तळघर यांनी सांगितलेल्या दोन थ्रेडच्या गोष्टीत जाऊन पडता, कारण कर्नल पॉइंटर पुन्हा वाचतो. मॅन्युअलमध्ये स्पष्ट इशारा आहे की या फ्लॅगच्या भरवशावर सुरक्षेचं धोरण राबवू नका. पीट्रेस आणि कंटिन्यू, भोक एकच.

उंबरठा

वेगाचा मुद्दा राहिला. प्रत्येक ओपनला दुसऱ्या प्रोसेसकडे फेरी मारायची म्हणजे खर्चिकच. प्रोसेसच्या आतच कॉल पकडायच्या नव्या पद्धती फार वेगवान आहेत. लिनक्स ५.११ मध्ये सिस्कॉल यूजर डिस्पॅच आलं, मूळ गरज वाइनची (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणारं साधन): विंडोजचे प्रोग्राम थेट सिस्टीम कॉल करतात, ते पकडून भाषांतर करायचं. झेडपोलाइन तर त्याहून सुंदर आहे. सिस्कॉल सूचना दोन बाइटांची, तिच्या जागी दोनच बाइटांची दुसरी सूचना बसवायची: 'आरएएक्समध्ये जो पत्ता आहे तिथे जा', म्हणजे एफएफ डी०. आरएएक्समध्ये कॉलचा क्रमांक असतो, म्हणजे उडी पडणार शून्य ते काही शे या पत्त्यांवर. तिथे शून्यापासून नुसत्या 'काही करू नको' सूचनांची घसरगुंडी आणि तळाशी आपलं फंक्शन. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा कितीतरी वेळ त्याच पानावर होतो.

तळघर

कल्पना विलक्षण आहे यात वाद नाही. पण झेडपोलाइनला शून्य पत्ता वापरायचा तर एममॅपची किमान मर्यादा (प्रोग्रामला वापरता येणारा सर्वात खालचा पत्ता) शून्यावर आणावी लागते. आणि प्रोग्राम चालू असताना नवा कोड तयार करणाऱ्या रनटाइमने नंतर ०एफ ०५ लिहिलं, तर ते बदलायला कोण बसलंय? डिस्पॅचमध्ये तर अडवायचं की नाही हे प्रोसेसच्याच मेमरीतला एक बाइट ठरवतो. अविश्वासू प्रोग्रामने तो बाइट पुसला की संपलं. चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली. कर्नलच्या दस्तऐवजात तसं लिहिलेलंच आहे, हे सँडबॉक्ससाठी नाही.

मेमरी प्रोटेक्शन की (मेमरीच्या पानांना कुलूप घालणारी प्रोसेसरची सोय) लावून तो भाग राखता येईल असं पुढचं म्हणणं असतं. तिथेही प्रॉकमधल्या स्वतःच्या मेम फाइलमधून राखीव पानावर लिहिता येतं. ती वाट बंद केली की दुसरी निघते. भाषांतर, डीबगिंग, रेकॉर्ड करून पुन्हा चालवणं यासाठी या पद्धती उत्तमच. कोरी_पाटींच्या कामाला नाहीत.

वेग आणि कडक सीमा दोन्ही हवं असणाऱ्यांनी काय केलं ते जीव्हायझर या सँडबॉक्समध्ये बघा. सेककॉम्पच्या ट्रॅपने कॉल पकडायचा आणि सेंट्री नावाच्या यूजर स्पेसमधल्या कर्नलने तो स्वतःच पूर्ण करायचा. होस्टचा कर्नल मुलाचा ओपन कधी पाहतच नाही. मृगजळ जे एका कॉलसाठी करतात तेच सगळ्यांसाठी. एका तपासणी यंत्रणेसाठी तेवढं लिहायची गरज नाही.

अर्धविराम

परत आलो, कारण दोन गोष्टी कोणीच बोललं नाही आणि मी दोन्हींवर मार खाल्ला आहे.

पहिली, आयओ-यूरिंग. लिनक्स ५.१ पासून आहे. प्रोग्राम सामायिक रिंगमध्ये 'ही फाइल उघड' अशी विनंती टाकतो आणि कर्नल ती पुरी करतो. ओपनॅट हा सिस्टीम कॉल होतच नाही, त्यामुळे सेककॉम्पला तो दिसतही नाही. पीट्रेसलाही नाही. तुमचा फिल्टर कितीही कडक असो, आयओ-यूरिंगचे तीन कॉल उघडे राहिले तर सगळं व्यर्थ. बंद करा.

दुसरी, आकडे. एक्स८६-६४ वर २ म्हणजे ओपन. त्याच मशीनवर ६४ बिटांचा प्रोग्राम इंट ०एक्स८० ने ३२ बिटांच्या दारातून आत गेला, तर तिथे २ म्हणजे फोर्क आणि ओपन ५ वर. फिल्टरने आर्किटेक्चर आधी तपासलं नाही तर तो आकडे वाचतो पण भाषा चुकते. एक्स३२ म्हणून तिसराही प्रकार आहे, त्यात आर्किटेक्चर तेच राहतं आणि क्रमांकात तिसावा बिट चढवलेला असतो. नको ते कॉल वगळण्याची यादी केलीत तर हे सगळे सुटतात. चालणाऱ्या कॉलची यादी करा, बाकी सगळं बंद.

कोरी_पाटी

किती शिकले या दोन दिवसांत! @मृगजळताई, तुमची पद्धत लिहायला घेतली. पायथन सुरू होतानाच इतक्या फाइली उघडतं की सुपरवायझरला उसंत नाही. लायब्रऱ्या, लोकॅल (भाषा-प्रदेशाच्या सेटिंगच्या फाइली), काय काय. सगळ्या मी उघडून द्यायच्या का?

मृगजळ

नाही हो, तुमच्या बाबतीत तेवढी गरज नाही. माझ्याकडे पाथ बदलून दुसरीच फाइल द्यावी लागते, म्हणून मला स्वतः उघडणं भाग आहे. तुम्हाला फक्त हो किंवा नाही हवंय आणि नाही म्हटल्यावर नाव कळायला हवंय. तळघर यांनी सांगितलेला दुसरा उपाय बघा, लँडलॉक.

तळघर

तेच सुचवणार होतो. लँडलॉक लिनक्स ५.१३ पासून आहे, रूट असायची गरज नाही. प्रोग्राम सुरू करण्याआधी तुमचा लाँचर 'नवे अधिकार नकोत' हा बिट लावतो, मग सांगतो: या डिरेक्टरीखाली वाचा, या डिरेक्टरीखाली वाचा-लिहा, बाकी काही नाही. आणि स्वतःला कोंडून घेऊन एग्झेक करतो. तपासणी कर्नलमध्ये होते, पाथ सोडवून झाल्यावर, प्रत्यक्ष सापडलेल्या फाइलवर. बफर बदला, सिमलिंक बदला, जी फाइल शेवटी हातात येणार तिच्यावरच निर्णय. आयओ-यूरिंगमधून उघडली तरी तीच तपासणी होते.

आणि आता गंमत बघा. नियम लँडलॉक सांभाळत असेल, तर नोटिफिकेशन फक्त कळण्यापुरतं उरतं. मग कंटिन्यू खुशाल वापरा. शर्यत लावून कोणी तुम्हाला खोटं नाव दाखवलं, तर फार तर तुमची नोंद चुकेल, फाइल त्याच्या हाती लागणार नाही. अडवणं एकाकडे, सांगणं दुसऱ्याकडे.

दोन उणिवा ध्यानात ठेवा. आधीच उघडे असलेले डिस्क्रिप्टर लँडलॉक अडवत नाही, म्हणून लाँचरने ०, १, २ (स्टँडर्ड इनपुट, आउटपुट आणि एरर) सोडून सगळे बंद करावेत. आणि स्टॅटसारखे कॉल त्याच्या कक्षेत येत नाहीत, म्हणजे फाइल आहे की नाही आणि किती मोठी आहे हे कळू शकतं. उत्तराच्या फाइलचा आकारही कधी कधी बरंच सांगून जातो. तेव्हा उत्तरं त्या मशीनवर ठेवूच नका.

निळी_शाई

मी आजच आमची यंत्रणा थांबवायला सांगितली. वरिष्ठांना दोन थ्रेडचा प्रोग्राम समोर चालवून दाखवला. स्पष्टीकरण लागलं नाही.

कोरी_पाटी

आठवडाभराने अहवाल.

लँडलॉक लावलं. आधी एकही प्रोग्राम सुरूच होईना, सगळ्यांना 'परवानगी नाही'. अर्धा दिवस घालवल्यावर समजलं की प्रोग्रामला एक्झिक्यूटची परवानगी दिली होती, पण डायनॅमिक लोडरला नव्हती. कर्नल लोडरही एक्झिक्यूट म्हणूनच उघडतो. ती दिल्यावर सी चाललं, मग पायथन, मग जावा.

सेककॉम्पचा फिल्टर चालणाऱ्या कॉलच्या यादीने लिहिला. सर्वात वर आर्किटेक्चर, मग तिसावा बिट. आयओ-यूरिंग बंद, सॉकेट बंद, पीट्रेस बंद. क्लोन३ ला मी 'परवानगी नाही' असं उत्तर देत होते, तर थ्रेड बनवताना प्रोग्राम कोसळत होते. त्याचे फ्लॅग स्ट्रक्चरमध्ये, पॉइंटरमागे असतात, फिल्टरला दिसत नाहीत, म्हणून नकार द्यायलाच हवा. पण 'असा कॉलच नाही' हा एरर दिला की ग्लिबसी निमूट जुन्या क्लोनकडे वळतं, आणि त्याचे फ्लॅग रजिस्टरमध्ये असतात, ते तपासता येतात. एका एररच्या आकड्याने एवढा फरक.

ओपनॅटला नोटिफाय, आणि तळघर म्हणाले तसं कंटिन्यू. 'काम'च्या आणि लायब्रऱ्यांच्या बाहेरचा पाथ दिसला की नोंद करते. काल एका मुलीला असा निरोप गेला: 'तुझ्या प्रोग्रामने डेटा/इनपुट ही फाइल उघडायचा प्रयत्न केला, इनपुट फाइलमधून नाही, स्टँडर्ड इनपुटमधून येतं.' तिचं पुढचंच उत्तर बरोबर आलं. निळी_शाई यांचा दोन थ्रेडवाला प्रोग्राम रात्रभर चालवला, लॉगमध्ये खोटी नावं ढीगभर, फाइल एकदाही नाही.

एकच कोडं शिल्लक. गोच्या प्रोग्रामांत एकाच ओपनची नोंद कधी कधी दोनदा येते. पायथनमध्ये कधीच नाही.

मृगजळ

सिग्नल. गो १.१४ पासून रनटाइम चालू गोरुटीन (गोमधला हलका धागा) थांबवायला थ्रेडला सिग्नल पाठवतं. तुमच्या सुपरवायझरकडे निरोप आलेला असताना झोपलेल्या थ्रेडला सिग्नल आला की तो जागा होतो, जुना आयडी रद्द होतो, आणि कॉल पुन्हा सुरू होऊन नवा निरोप येतो. फिल्टर बसवताना 'वेट-किलेबल-रिसीव्ह' हा फ्लॅग द्या, ५.१९ पासून आहे. मग निरोप वाचल्यानंतर फक्त जीवघेणा सिग्नलच त्याला उठवू शकतो.

कोरी_पाटी

दिला. दोनशे वेळा चालवलं, नोंद एकेकच. आता जुनी एलडी_प्रीलोडची लायब्ररी काढून टाकते.